देवराम मिस्तरी आणि माझी खूण

मी मुळातच शंकेखोर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मालननं लपवलं. दुधाचं माप घेताना मी मापाचं बूड चाचपते. खताची गोणी आली की शिलाईचा दोरा बघते, दुसऱ्यांदा शिवलेली तर नाय ना. आमचे हे, नवनाथराव, एकदम उलट्या तऱ्हेचे. रस्त्यात कोणी मोटरसायकल मागितली तर किल्ली देतील आणि वर सांगतील, टाकी भरलेली हाय. अशा माणसाच्या घरात एकाला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि ते काम लग्नापासून माझ्याकडं हाय.

सांगायचंय ते देवराम मिस्तरीबद्दल. या माणसाला मी गावातून उठवायचंच बाकी ठेवलं होतं.

त्याला आमच्या गावात येऊन तेव्हा आठ महिने झालेले. मालेगावकडचा माणूस. तिकडं हायवेच्या कडेला कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बावीस वर्षं ट्रॅक्टरचं काम केलं, आणि एक दिवस बायको, शाळेतली पोरगी आणि पान्यांच्या दोन लोखंडी पेट्या घेऊन आमच्या फाट्यावर उतरला. बायकोचं माहेर इकडचं. मेव्हण्यानं फाट्यावरची पत्र्याची शेड एक वर्षासाठी दिली. वर्षात गिऱ्हाईक लागलं तर राहा, नाय लागलं तर शेड मोकळी कर, असं चारचौघांत ठरलेलं. नाय जमलं तर सुरत. तिथं त्याचा भाऊ मिलमध्ये होता, पण देवराम म्हणायचा, मिलमध्ये माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाय, मला तिथं पाठवू नका. म्हणजे त्याचं सगळं आमच्या गावावर होतं. गावानं त्याला मिस्तरी मानला तर तो राहणार, नाय तर पेट्या उचलणार.

आता मला सांगा, बावीस वर्षं एका जागी टिकलेला माणूस अचानक जागा सोडतो कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या भारतचा साडू मालेगावला असतो, त्याच्याकडून काढलंच मी. म्हणे, गिऱ्हाइकाचा नवा पंप काढून जुना बसवला, असा आळ आला होता देवरामवर. खरं की खोटं, साडूला माहीत नव्हतं. मला तेवढं पुरे झालं.

दिसायला बारका, काळसावळा, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. बोलणं मोजकं. गडबडला की मधेच 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' यायचं तोंडात. त्याची एक पद्धत होती. ट्रॅक्टरातून काढलेला प्रत्येक जुना पार्ट तो तारेत ओवायचा, त्याला डब्याच्या पत्र्याचं टिकलं बांधायचा, टिकल्यावर खिळ्यानं मालकाचं नाव कोरायचा आणि गोणपाटात घालून परत द्यायचा. "तुमचा जुना माल. बघून घ्या." लोकांना त्याचं लय कौतुक. मला मात्र वाटायचं, एवढा सावपणा दाखवायची गरज कोणाला पडते? कुठंतरी पाणी मुरतंय.

आमचा ट्रॅक्टर वीस वर्षांचा. दोन एकर द्राक्षाची बाग त्याच्या जिवावर. बागेला औषध मारायला ट्रॅक्टरच्या मागं ब्लोअर लावतात, आणि ब्लोअरचा पंखा फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागून जो दांडा फिरतो ना, त्याच्यावर. त्या दांड्याला आमच्या ट्रॅक्टरात क्लचची वेगळी प्लेट हाय. ती झिजली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि पंखा दमल्यासारखा फिरतो. औषध बाहेरच्या पानांवर पडतं, घडापर्यंत जातच नाय.

आणि हे झालं कधी, तर ऐन फुलोऱ्यात. तीन दिवस ढगाळ, सकाळी दव, हवेत तो ओलसर कुबट वास. द्राक्षवाल्याला पुढचं सांगावं लागत नाय. बाकीच्यांनी एवढंच समजा की अशा हवेत औषध चुकलं की डावणी पडते, आणि डावणी पडली की चार दिवसांत घड वाळून हातात येतो. नाशिकच्या मोठ्या वर्कशॉपला विचारलं, तर म्हणाले आठ दिवसांनी नंबर लागंल. दुपारी आमचे हे घरी आले ते पायी.

"ट्रॅक्टर कुठंय?"

"देवरामकडं."

"कोणाला विचारून?"

"मालन, बागेला आठ दिवस थांबता येत नाय."

"आणि त्यानं आपलं चांगलं काढून दुसऱ्याचं भंगार बसवलं, तर कळणार हाय का तुम्हाला?"

"नाय कळणार," म्हणाले. आणि पायावर पाणी घ्यायला गेले. अशा माणसाशी भांडावं तरी कसं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधून फाट्यावर गेले आणि द्राक्षाचा एक रिकामा क्रेट पालथा घालून शेडच्या तोंडाशी बसले. देवरामनं वर बघितलं. "वहिनी, इकडं आत बसा. तिथून नीट दिसायचं नाय," म्हणाला. मी कशाला आलेय ते त्याला बरोबर कळलं होतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि मग रागच आला. चोराला तेवढी अक्कल असतेच की, मनात म्हणलं.

या कामाला ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. त्यानं पुढं-मागं लाकडी ठोकळे लावले, जॅक चढवले, बोल्ट एकेक करून काढले, आणि मागचं धड हळूहळू ढकलत नेलं. इंजिन इकडं, गिअरबॉक्स तिकडं. आपलं जनावर कोणी उभं चिरल्यासारखं वाटलं मला. मग क्लच उतरवला. पीटीओची प्लेट माझ्यासमोर धरून म्हणाला, "हे बघा, पकड धरणारं लायनिंग संपलं. रिव्हेट उघडे पडलेत. त्यांनीच इंजिनाच्या चाकाला चरे पाडलेत, ते लेथवर घासून आणतो. चाकांकडची दुसरी प्लेट अजून दोन सीझन चालंल, ती बदलायची गरज नाय." मी मनात म्हणलं, हा स्वतःहून काम कमी कसं काय सांगतोय? यातही काहीतरी असणार.

"नवी प्लेट मात्र दादांनी स्वतः आणावी," तो म्हणाला. "मी आणली तर तुमच्या मनात राहील."

तेवढ्यात शेडमध्ये आलेल्या आमच्या ह्यांना हसू आलं. मला नाय आलं.

हे नाशिकला द्वारकाच्या बाजूला जाऊन प्लेट घेऊन आले. येताना इंदिरानगरला स्नेहाकडं जेवून आले, लेकीच्या सोफ्यावर प्लेटचा डबा ठेवून. संध्याकाळी डबा माझ्या हातात पडला. नवी कोरी प्लेट, तांबूस लायनिंग, पितळी रिव्हेट चकचकीत. हिच्यावर कोणाचंही मन गेलं असतं. उद्या ही बंद झाली ट्रॅक्टरच्या पोटात, की आत कोणती हाय ते कोण बघणार?

नवी वस्तू घरात आली की आमच्याकडं हळद-कुंकू लागतंच. पाण्याची मोटर असो, मोबाइल असो. मी प्लेट देवापुढं ठेवली, मधल्या लोखंडाला पाच बोटं लावली, हात जोडले. तिथंच सुचलं मला. वरचं कुंकू कोणीही पुसंल. म्हणून मी समईतलं तेल वाटीत घेतलं, त्यात कुंकू चांगलं दाट कालवलं, आणि काडेपेटीच्या काडीनं लायनिंगमध्ये जिथं रिव्हेट खोल बसलेले असतात ना, त्या भोकांत भरलं. आठ भोकं. लायनिंगच तांबूस, त्यामुळं बघणाऱ्याला पत्ताही लागायचा नाय. कोरडं कुंकू उडून गेलं असतं, म्हणून तेल. माझ्या अकलेवर मीच खूश. ह्यांनासुद्धा नाय सांगितलं.

सकाळी देवरामनं प्लेट हातात घेतली, वरचं कुंकू बघितलं, पेट्रोलच्या फडक्यानं लोखंड पुसलं. मग प्लेट तिरकी करून उजेडात धरली.

"वहिनी, हिला तेल-बिल तर नाय ना लागलं कुठं?"

हा नेमकं तेच का विचारतोय? खूण शोधतोय की काय? खूण सापडली तर तशीच दुसरीवर करायला याला काय वेळ लागतो!

"तेल कशाला लागंल?" मी म्हणलं. "हळद-कुंकू लावलंय वरून, बस."

"बरं," म्हणाला, आणि प्लेट चढवली.

त्या दिवशी मी त्याचं काम डोळ्यांत तेल घालून बघितलं. क्लचला बोटांसारखे लोखंडी तुकडे असतात, ते सगळे एका उंचीला आले पाहिजेत. त्यासाठी त्यानं पट्टी वाकवून स्वतःच एक माप केलेलं. तीनदा मोजलं त्यानं. एक बोट केसभर वर होतं, तेवढ्यासाठी सगळं परत ढिलं केलं. संध्याकाळी ट्रॅक्टर जोडून झाला आणि हे ब्लोअर लावून थेट बागेत गेले. पंख्याचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. चार टाक्या औषध मारून झालं.

दुसऱ्या दिवशी पाचव्या टाकीला पंखा बसला. इंजिन बोंबलतंय, पंखा फिरत नाय, आणि वर जळका वास. आमच्या ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आणि मी? खोटं कशाला बोलू? बागेची काळजी होतीच, पण तिच्याच शेजारी कुठंतरी बरंही वाटलं. बघा, मी म्हणलं नव्हतं?

अर्धी बाग औषधाविना उभी. भारतनं त्याचा ट्रॅक्टर दिला म्हणून ती कशीबशी झाली, तरी तोवर तीन ओळींवर डावणी दिसायला लागली होती. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी डेअरीत दूध घालायला गेले आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "नवी प्लेट स्वतःकडं ठेवून घेतली मेल्यानं, जुनीच घासूनपुसून बसवली! मालेगावला केलं तेच इथं!" डेअरीत बोललेलं गावात पोचायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी देवरामच्या शेडपुढं उभे असलेले दोन ट्रॅक्टर मालक येऊन ओढून घेऊन गेले. राहिला एकच, रंगनाथ अण्णांचा. तो सोमवारी उघडायचा ठरलेला.

देवराम आमच्या अंगणात आला. पाणी दिलं, घेतलं नाय.

"वहिनी, प्लेट तुमनीच शे."

"मग घसरती कशी?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"उघडा ना मग. पण चार माणसांसमोर."

"चार कशाला? गाव बोलवा," म्हणाला. माझ्या मनात आलं, नाटकी हाय.

मीच माणसं बोलावली. रंगनाथ अण्णा आले, गावातलं वयस्कर माणूस, पूर्वी सरपंच होते, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाय. भारत आला, आणखी दोघंतिघं आले. आमचे हे खाली मान घालून उभे. मी मनात वाक्यही तयार ठेवलं होतं, 'दाखवा माझी खूण कुठंय ती.' तो प्लेट काढंल, भोकं कोरडी निघतील, आणि मग बघा याचं काय करते.

तेच ठोकळे, तेच जॅक. दोन तास गेले. शेवटी त्यानं प्लेट बाहेर काढली आणि मी सगळ्यांच्या पुढं होऊन वाकले.

आठही भोकांत कुंकू होतं. माझंच. आणि प्रत्येक भोकातून एक काळपट ओघळ निघून लायनिंगवर पसरलेला, कढईच्या काठावरून तेल उतरतं तसा. सगळं लायनिंग तुकतुकीत झालेलं. गरम झालं तसं तेल भोकांतून बाहेर आलं आणि प्लेटनं पकड सोडली. अडाणी बाईलाही कळावं असं समोर होतं ते.

देवरामनं अंगठा फिरवला. अंगठा नाकाला लावला. समईच्या तेलाचा वास काय ओळखायला अवघड असतो? त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं.

"काय निघालं रे?" मागून अण्णा.

देवरामनं प्लेट स्वतःच्या छातीकडं फिरवली. "सील पाझरलं, अण्णा. बसवताना माझ्याकडून कड दुमडली असंल. ऑइल प्लेटवर आलं. प्लेट नवीच शे, जाडी बघा तुम्ही." मग ह्यांना म्हणाला, "दादा, दुसरी प्लेट मी आणून देतो. माझ्या पदरची."

"म्हणजे माल बदलला नाय, पण हात कच्चा हाय," भारत म्हणाला.

"चुकलं," देवराम म्हणाला.

अण्णांनी टोपी सारखी केली. "मग माझा सोमवारचा राहू दे सध्या." आणि माणसं मोटरसायकलींकडं निघाली.

मी तिथंच उभी. सील म्हणजे ऑइल अडवणारी रबराची कडी, ती मला दिसत होती, कोरडी ठणठणीत. मी हळू आवाजात विचारलं, "खोटं का बोललात?"

"मालेगावला मला चोर म्हणाले होते, वहिनी," तो म्हणाला. "त्याला उत्तर नसतं. पेट्या उचलाव्या लागतात. चुकला म्हणाले तर निदान शेडमध्ये बसता येतं. आणि देवाच्या कुंकवावरून चार पुरुषांत तुमचं हसं कशाला?"

तुम्हाला वाटंल मी विरघळले. छे! माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हा आता हे धरून ठेवणार. उद्या प्लेट दाखवून माझ्याकडून काहीतरी मागणार. असं असतं माझं मन. पण तेवढ्यात बघते तर त्यानं प्लेट तारेत ओवली, पत्र्याचं टिकलं घेतलं, खिळ्यानं 'नवनाथ' कोरलं, आणि गोणपाटात घालून माझ्यापुढं धरली. "तुमचा माल. बघून घ्या." त्याच्या बाजूनं बोलणारी जगात एकच वस्तू होती, आणि ती तो मलाच देऊन टाकत होता. घरी नेऊन विहिरीत टाकली असती तर कोणाला कळलं असतं?

बाहेर अण्णांची गाडी चालू झाली.

"अण्णा, थांबा!" मी ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सील नाय पाझरलं. मी तेल लावलं. कुंकू कालवून भोकांत भरलं, खूण म्हणून. यानं विचारलं होतं मला, तेल लागलंय का, आणि मी नाय म्हणलं." आणि गोणपाटातून प्लेट काढून त्यांच्यापुढं धरली.

मग भारत फिसकन हसला. "वहिनी, क्लचची ओटी भरायची तेवढी राहिली की!" बाकीचेही हसले. अण्णा नाय हसले. त्यांनी प्लेट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "मिस्तरी, सोमवारी पाठवतो ट्रॅक्टर."

"आणि डेअरीत?" आमचे हे मला म्हणाले. एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी डेअरीत जाऊन, जिथं उभी राहून बोलले होते तिथंच उभी राहून, सगळं परत सांगितलं. लाज वाटली, लय वाटली. आजही पोरी मला बघून 'कुंकवाचा क्लच' म्हणतात.

वाटलं होतं, देवराम खूश होईल. माणसं गेल्यावर त्यानं पाना पेटीत आपटला. "विचारलं होतं ना मी तुम्हाला?" आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. "प्लेट हातात घेऊन विचारलं होतं! दोन ट्रॅक्टर गेले माझे. शाळेत पोरीला पोरं विचारत होती, तुझा बाप काय चोरतो म्हणून." "चुकलं माझं," म्हणलं.

दोन दिवसांनी हे परत नाशिकहून प्लेट घेऊन आले. आमच्याच पैशानं, त्यावर मी त्याला बोलूच दिलं नाय. या खेपेला मी डबा देवापुढं ठेवला नाय, उघडला नाय, चिकटपट्टीसुद्धा काढली नाय. तसाच नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं पट्टी कापली, प्लेट बाहेर काढली, पुसली, आणि पेटीतून लोखंडावर ठिपका पाडायचा टोकदार पंच आणि छोटी हातोडी काढून माझ्यापुढं धरली.

"खूण करा."

"आता कशाला लाजवता, भाऊ?"

"लाजवत नाय. मधल्या लोखंडावर करा. लायनिंगला हात लावू नका."

"मला नको खूण. भरवसा हाय माझा."

"मला पाहिजे ना," देवराम म्हणाला. "उद्या तुम्ही परत काही म्हणाला, तर दाखवायला माझ्याकडं काहीतरी नको?"

मी त्याच्याकडं बघितलं. तारेच्या चष्म्यातून तो माझ्या हातांकडं बघत होता. ती नजर मी ओळखली. दुधाच्या मापाचं बूड चाचपताना मी तशीच बघते.

मी पंच टेकवला आणि तीन ठोके मारले. त्यानं तिन्ही मोजले.